ताटात न मावलेलं नाव

अतिदक्षता विभागात रोज सकाळी एक नर्स माझ्या बायकोच्या कानाशी वाकून मोठ्याने तिचं नाव घ्यायची. फाइलवर होतं ते नाव. डोळे उघडले तर उत्तम, पापणी हलली तरी चालेल, नाहीतर नर्स कागदावर एक खूण करायची आणि पुढच्या पलंगाकडे जायची. मी काचेबाहेर उभा राहून हे पाहायचो. पहिले तीन दिवस तीच खूण पडली.

मला काही वाटत नव्हतं. हे लिहिताना बरं दिसत नाही, पण होतं ते असं होतं. सकाळी चहा गाळता गाळता ती ओट्यापाशी खाली बसली, ती बसलीच. डोक्यात गुठळी झाली होती. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, दवाखान्यात पोचेपर्यंत शुद्धही गेली. ओळखीचे लोक येत, "हिम्मत रखिए" म्हणत, मी "हो हो" म्हणायचो. दवाखान्यासमोरच्या ठेल्यावर पोहे खायचो आणि त्यात मीठ कमी आहे एवढं कळायचं. नर्सच्या पेनाला टोपण नव्हतं, ते मात्र रोज खटकायचं. मी सगळी नोकरी सिंचन खात्यात कारकुनी केली. उघडं पेन खिशात ठेवणाऱ्या माणसाचा मला राग येतो. बायको अशी पडली आहे आणि हा गृहस्थ टोपणाचा विचार करतोय, हे माझं मला कळत होतं. तरी नजर टोपणावरच जायची.

चौथ्या दिवशी नर्स म्हणाली, "अंकल, आज आप बुलाइए. घर की आवाज़ पेशेंट जल्दी पहचानते हैं."

हिरवा झगा घालून मी आत गेलो. पलंगाशी वाकलो, तोंड उघडलं, आणि लक्षात आलं की आपल्याला हाक मारता येत नाही. तिचं नाव मी कधी घेतलंच नव्हतं. आमच्यात नवरा "अगं" म्हणतो, बायको "अहो" म्हणते, आणि तेवढ्यावर संसार होऊन जातो. मी आधी "अगं" म्हणून पाहिलं. काही नाही. मग फाइलवरचं नाव घेतलं. कचेरीत शिपाई पुकारा करतो तसं ते माझ्याच कानाला लागलं. नर्सने खूण केली.

फाइलवरचं ते नाव मी इथे लिहीत नाही. ते तिचं नव्हतं. मी दिलं होतं, लग्नात, तांदळाच्या ताटात.

ती आमच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून आली तेव्हा तिच्या टेबलावर पाटी होती: हेफ्सीबा. सगळे हेप्सी मॅडम म्हणायचे. मला ते इंग्रजी नाव वाटलं होतं. "इंग्रजी नाही, इब्री हाये, हिब्रू," ती म्हणाली. मी म्हटलं, "असं का?" पुढे अर्थ विचारावा, एवढी अक्कल नव्हती. खरं सांगायचं तर तेव्हा मला तिच्या नावापेक्षा तिच्या डब्यातल्या वांग्याच्या भाजीत जास्त रस होता. ती मराठी ख्रिस्ती. वडील रेल्वेत, विदर्भातून बदलून आलेले. त्यांच्या घरात प्रार्थना मराठीत, भांडणं मराठीत, आणि भाजीवालीशी अस्सल छत्तीसगढी. आम्ही तात्यापाऱ्यातले, या गावातल्या जुन्या मराठी वस्तीतले. मराठ्यांच्या राज्यात इथे आलो, हे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची आमच्या घराला खोड आहे. ऐकणाऱ्याला त्याचं काही नसतं.

लग्नाला आई तयार झाली ते दोन अटींवर. लग्न आपल्या पद्धतीनं, आणि नाव बदलायचं. "हे नाव माह्या तोंडात बसत नाही," ती म्हणाली. "देवासमोर हाक कशी मारू मी तिले?" पुरानी बस्तीतल्या गुरुजींना विचारून तिने नवं नाव ठरवूनही टाकलं.

पहिली अट हेफ्सीबाने लगेच मान्य केली. दुसरी नाही. आम्ही तळ्याच्या पायऱ्यांवर बसलो होतो. "बाकी समदं चालन मले," ती म्हणाली. "नाव नका बदलू. तेवढं एक माह्याजवळ राहू द्या."

मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "तांदळात लिहिणार कोण? मीच ना? मी तुझंच लिहीन."

"पक्कं?"

"पक्कं."

आमच्याकडे नवरी सासरी आली की लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा सोन्याच्या अंगठीने त्यात तिचं नवं नाव लिहितो. जे लिहिलं जाईल ते मोठ्याने वाचतात, पेढे वाटतात, आणि त्या क्षणापासून घरात तेच नाव चालतं. लिहिणारा नवरा असतो, ठरवणारी सासू असते. मला वाटलं होतं, एकदा अक्षरं उमटली की आई चारचौघांत काय करणार? हिशेब बरोबर होता. माणूस चुकीचा होता.

ताट पितळेचं होतं, आईच्या लग्नातलं. मी अंगठी घेतली आणि "हे" लिहिलं. आई माझ्या खांद्याशी उभी होती. ती ओरडली नाही, रडली नाही. फक्त खोकली. तो खोकला मी लहानपणापासून ओळखत होतो. गणिताचा पेपर दाखवताना, मित्राबरोबर सिनेमाला जायचं विचारताना, तोच. मी तळहाताने तांदूळ सपाट केले आणि आईने ठरवलेलं नाव लिहिलं. हात अजिबात थरथरला नाही, याचं मला अजून नवल वाटतं. काकू म्हणाल्या, किती गोड नाव आहे. पेढे वाटले गेले.

ती शेजारच्या पाटावर बसली होती. तिने ते "हे" पाहिलं होतं.

संध्याकाळी दोघंच असताना मी म्हणालो, "ताट लहान होतं. तुझं नाव मावलं नसतं त्यात."

ती म्हणाली, "हव."

होकारासाठी इथे सगळेच हव म्हणतात. भाजीवाला म्हणतो, रिक्षावाला म्हणतो. तिने त्यात जास्तीचं काही घातलं नाही. पुढच्या एकतीस वर्षांत तो विषय तिने एकदाही काढला नाही. दुसऱ्या दिवशी आईने तिला त्याच तांदळाची खीर करायला सांगितली. तिने केली, आणि मी दोन वाट्या खाल्ल्या.

मग ते तांदळातलं नाव शिधापत्रिकेवर चढलं, मतदार यादीत गेलं, आणि शेवटी दवाखान्याच्या फाइलवर येऊन बसलं. आईने मरेपर्यंत तिला त्याच नावाने हाका मारल्या, आणि प्रेमानेच मारल्या, हेही खरं आहे. मी अगं म्हणत राहिलो.

पाचव्या दिवशी तिची मोठी बहीण भिलाईहून आली. निवृत्त शिक्षिका, शाळा सुटली तरी आवाज सुटलेला नाही. मी तिला ताई म्हणतो आणि थोडा घाबरतोही. ती झगाबिगा घालून सरळ पलंगाकडे गेली, धाकटीच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "हेप्सी. ए हेप्सी. ऊठ न वं, किती झोपतं?"

पापणी हलली.

नर्स धावत आली. "दीदी, क्या बोला आपने? फिर से बोलिए." ताईने पुन्हा हाक मारली. पुन्हा हलली. मग डॉक्टर आले, त्यांनी फाइल पाहिली, ताईला विचारलं, परत फाइल पाहिली आणि मला म्हणाले, "पेशेंट तो सही है ना?" मला हसू यायला हवं होतं. मी सांगितलं, पेशंट तीच आहे, नावं दोन आहेत. नर्सने पांढऱ्या चिकटपट्टीवर दुसरं नाव लिहिलं आणि उशाशी चिकटवलं. आता फाइलवर एक आणि पलंगावर एक.

संध्याकाळच्या भेटीच्या वेळी मी पट्टीवरचं नाव घेतलं. "हेप्सी," मी म्हणालो. मग पूर्ण म्हणालो, "हेफ्सीबा." पापणी जागची हलली नाही. दुसऱ्या दिवशी ताईने हाक मारली, हलली. मी मारली, नाही. डॉक्टर म्हणाले, योगायोग असतो, वेळेवर असतं, मेंदूचं काही सांगता येत नाही. मी मान डोलावली. मेंदूचं सांगता येत नसेल, पण तिचं मला येत होतं. तिला ऐकू जात होतं आणि ती माझ्याकडून ते नाव घेत नव्हती. तिने मागूनही एवढी वर्षं जे द्यायचं राहिलं, ते आता ती बेशुद्ध असताना देऊन मी मोकळा होऊ पाहत होतो.

त्या दिवशी बाहेरच्या बाकावर ताईने डबा उघडला आणि एक पोळी माझ्या हातात ठेवली. "जवाईबुवा, तिच्या नावाचा अर्थ माहीत हाये तुमाले?"

"नाही."

"कधी विचारलं नाही?"

"नाही."

शाळेत गृहपाठ न केलेल्या पोरांकडे ती कशी पाहत असेल, ते मला तेव्हा कळलं. मग तिने सांगितलं. ताई आणि मधली अशा दोन मुलींनंतर तिसरी हेप्सी, पुन्हा मुलगीच झाली, तेव्हा दवाखान्यात त्यांच्या आत्याबाई डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. वडील घरी आले, शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं आणि नाव शोधत बसले. त्यांच्या शास्त्रात एका उद्ध्वस्त शहराची गोष्ट आहे. लोक त्या शहराला टाकलेली म्हणत असत. संदेष्टा त्या शहराला बाई समजून सांगतो की यापुढे तुला कोणी टाकलेली म्हणणार नाही, तुला नवं नाव मिळेल, हेफ्सीबा. म्हणजे, माझा आनंद हिच्यात आहे.

"हे नाव फारसं कोणी ठेवत नाही," ताई म्हणाली. "एक राणीबी होती ह्या नावाची. पण तिचा पोट्टा लय वाईट राजा निघाला, म्हणून लोक टाळत असतीन. बाबाईनं मुद्दाम ठेवलं. रडणाऱ्याइले उत्तर म्हणून." तिने डब्याचं झाकण लावलं. "रोज कामावरून आले का दारातूनच पुरं नाव घेऊन हाक मारत. हेप्सी आमी म्हणत होतो. बाबा नाही. बाबा पुरंच म्हणत."

मी पोळी चावत होतो. फलाटावर दुसऱ्याच गाडीची घोषणा ऐकावी तसं मी ते ऐकलं. शब्द सगळे कळले, आपल्याला कुठे जायचं नाही असं वाटलं.

जाताना ताई म्हणाली, "ताट लहान होतं म्हणे."

"तिने सांगितलं?"

"तेव्हाच सांगितलं. त्यानंतर कधी नाही."

घरी परतताना गोल बाजारापाशी गर्दीत स्कूटर अडकली. समोरच्या दुकानात पराती, ताटं, पातेली उतरंडीने लावली होती, आणि त्यांच्याकडे पाहता पाहता मला लाज वाटली. दणकून वाटली. सहा दिवसांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं आणि ते हे. एका माणसाने आपल्या तिसऱ्या मुलीला नाव देऊन सगळ्या रडणाऱ्यांची तोंडं बंद केली होती. मी एका खोकल्यासाठी ते तळहाताने सपाट केलं होतं. आणि वर दोष ताटावर ढकलला होता. मागचा माणूस हॉर्न वाजवत होता, "चलो न भैया." मी निघालो.

नवव्या दिवशी तिने डोळे उघडले. कोणाच्या हाकेने नाही. सफाईवालीच्या हातून बादली निसटली, त्या आवाजाने. ताई तेव्हा चहा प्यायला गेली होती आणि मी काचेबाहेर होतो. एवढे दिवस आम्ही हाका मारून जीव आटवत होतो, आणि शेवटी बादलीने काम केलं. मी तिथेच भिंतीला टेकून उभा राहिलो. आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण तो माझ्यापर्यंत पोचला नाही.

महिन्याभराने तिला घरी आणलं. तिची वाचा अर्धीमुर्धी होती. पाणी. हव. नको. पुण्याला नोकरी करणारी आमची मुलगी रजा घेऊन आली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं. बायको तिच्याकडे पाहून थोडं हसायची. बाकी सगळीकडे एकाच नजरेने पाहायची, पंख्याकडे, खिडकीकडे, माझ्याकडे. "अहो" मात्र म्हणत नव्हती. मी हट्टाने रोज सकाळी खोलीत जाऊन म्हणायचो, "हेफ्सीबा, चहा आणलाय." ती चहा प्यायची. नावाला ओ द्यायची नाही.

"बाबा, मौसी बुलाए तो ठीक है," मुलगी एकदा म्हणाली. "आपके मुँह से अजीब लगता है. मम्मी को भी लगता होगा."

"लागू दे," मी म्हणालो. चिडलोच होतो. मुलीवर नव्हे, पण ऐकावं तिला लागलं.

व्यायाम करवून घ्यायला एक तरुण बाई दर सकाळी दहाला यायच्या. उजव्या हाताची बोटं थोडी हलायला लागली तेव्हा त्या म्हणाल्या, "एक थाली में चावल भर लीजिए. उसमें उँगलियाँ चलवाइए, फिर उँगली से नाम लिखवाइए. हाथ को अपना नाम सबसे देर तक याद रहता है." त्यांनी हे सांगितलं तेव्हा मी खिडकीपाशी पेपर वाचत होतो. पेपर वाचतच राहिलो. एकही ओळ कळली नाही.

दुसऱ्या दिवशी मुलीने वरच्या फळीवरून हाताला लागलं ते ताट काढलं, धुतलं आणि तांदूळ ओतून आपल्या आईच्या मांडीसमोरच्या स्टुलावर ठेवलं. पितळेचं ताट. कडेला एका जागी पोचा पडलेला. मुलीला काय माहीत. बायकोला माहीत होतं. तिने आधी डाव्या हाताने तो पोचा चाचपला.

"मम्मी, नाम लिखो," मुलगी म्हणाली.

उजवं बोट तांदळात रुतलं. बराच वेळ ते नुसतं तिथेच होतं. मग हललं. वाकडातिकडा "ह" झाला, दोनदा मोडला, परत झाला. मग वर एक मात्रा. "हे".

मी पेपर बाजूला ठेवला होता. तिने त्या अक्षराकडे खूप वेळ पाहिलं. मग डावा तळहात उचलला आणि तांदूळ सपाट केले. घाईने नाही. अगदी कडेपर्यंत, एकही दाणा वरखाली राहू नये असे.

"अरे मम्मी! इतना अच्छा तो आ रहा था!"

तिने डाव्या हाताने ते ताट स्टुलासकट माझ्याकडे ढकललं.

"तुमी," ती म्हणाली. पुढचा शब्द यायला वेळ लागला. "लिहा."

माझ्या बोटातली अंगठी आता निघत नाही, सांधे सुजले आहेत. मी बोटानेच लिहिलं. आधी "हे". तिथे थांबून मी सवयीने खांद्यामागे पाहिलं. आई जाऊन चौदा वर्षं झाली. मग अर्धा "फ", मग "सी", मग "बा". कारकुनाचं अक्षर आहे, सरळ आलं. "बा"च्या पुढे चार बोटं जागा शिल्लक राहिली.

तिने वाचलं. ओठांची डावी बाजू हलली, उजवी अजून हलत नाही. मुलगी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होती.

"पुरलं," ती थांबत थांबत म्हणाली, "न... ताट."

"हव," मी म्हणालो.